घर आणि बाग: झालेल्या चुका निस्तरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंग, गिलावा, फरशी, नळ, दारं आणि कुंड्या यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमची अडचण ज्या प्रश्नात असेल तिथून वाचायला हरकत नाही. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचावा, कारण घरातल्या बऱ्याच दुरुस्त्या फसतात त्या ओलीमुळे.

भिंतीचा रंग वर्षभरातच पोपडे धरून सुटला. आता वरून भारी रंग मारला तर टिकेल का?

नाही टिकणार. पोपडा धरला याचा अर्थ रंगाच्या मागे पाणी आहे, किंवा रंग धुळीवर नाहीतर गुळगुळीत पृष्ठभागावर बसला होता. रंगाची प्रत बदलून यातलं काहीच बदलत नाही. जितका रंग जाड आणि पाणी अडवणारा, तितका मागच्या ओलीचा दाब वाढतो आणि पुढचा पोपडा मोठा निघतो.

आधी ओल कुठून येते ते शोधा. साधारण अर्धा मीटर चौरस प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि 24 तास तसाच ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या अंगाला जमले तर खोलीतल्या हवेतली वाफ थंड भिंतीवर बसते आहे. या दुसऱ्या बाबतीत भिंतीची तोडफोड करून उपयोग नाही. हवा खेळती ठेवावी लागेल, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढावं लागेल.

डाग कुठे आहे यावरूनही बरंच कळतं. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंतचा सलग पट्टा असेल तर ओल बहुधा पायाकडून चढते आहे. छताच्या कोपऱ्यात असेल तर गच्ची किंवा वरचं न्हाणीघर. कोरड्या दिवसांतही डाग तसाच राहत असेल तर भिंतीतल्या पाइपवर संशय घ्या. पाइपचा संशय असेल तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहा. काटा तरीही सरकत असेल, तर कुठेतरी गळती आहे.

उगम बंद केल्यावर लगेच रंगाला हात घालू नका. जाड भिंत पूर्ण सुकायला काही महिनेही लागतात. हा मधला रिकामा काळ कोणालाच आवडत नाही, आणि म्हणूनच तीच भिंत तीन-तीनदा रंगवली जाते.

भिंतीवर पांढरी भुकटी येते. पुसली की परत येते. काय करायचं?

हा लोणा, म्हणजे विटा आणि सिमेंटमधले क्षार. पाणी भिंतीतून बाहेर येताना ते विरघळवून आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. ओल्या फडक्याने पुसलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ताठ ब्रशने झाडा, भुकटी गोळा करून बाहेर टाका, आणि ओलीचा उगम बंद होईपर्यंत हेच करत राहा. गिलावा हाताने चोळल्यावर वाळूसारखा गळत असेल तर तेवढा भाग विटेपर्यंत काढून नव्याने करावा लागतो.

बाहेरच्या बाजूने भिंतीला लागूनच फुलझाडांचा वाफा केला आणि आतून ओल आली. याचा संबंध असेल का?

बहुतेक तोच असेल. जोत्याच्या पातळीवर भिंतीत ओल अडवणारा एक थर घातलेला असतो. वाफ्याची माती त्या थराच्या वर गेली की पाण्याला त्याला वळसा घालून वर चढायची वाट मिळते. माती त्या थरापेक्षा निदान 15 सेंटिमीटर खाली उतरवा आणि वाफ्याचा उतार भिंतीपासून दूर ठेवा. शक्य असेल तर वाफा आणि भिंत यांच्यामध्ये हातभर रुंदीची पट्टी खडी टाकून मोकळी सोडा. झाडांचं नुकसान होत नाही. भिंतीला टेकलेल्या झाडांना तसाही वारा कमी मिळतो आणि कीड जास्त लागते.

नवा गिलावा वरून कोरडा दिसत होता, म्हणून दोन आठवड्यांत रंगवला. आता डागडाग दिसतात.

नव्या गिलाव्याला साधारण 28 दिवस द्यायचे असतात, दमट हवेत त्याहून जास्त. वरचा थर आधी सुकतो आणि आतला ओला राहतो. शिवाय ताजं सिमेंट खूप अल्कधर्मी असतं; ते रंगाचा बंध तोडतं आणि काही छटा फिक्या करतं. आता सुटलेला रंग खरवडा, भिंत उघडी ठेवून पूर्ण वाळू द्या, मग अल्कली सोसणारा प्रायमर लावून पुन्हा रंगवा. पुट्टीचेही असेच आहे. एकाच हातात जाड थर ओढला की तो चिरतो. दोन पातळ हात, मध्ये वाळायला वेळ.

जुन्या ऑइल पेंटवर पाण्याचा रंग लावला आणि तो नखाने निघतो.

गुळगुळीत ऑइल पेंटला धरायला जागाच नसते. पुढच्या वेळी आधी तपासा: नेलपॉलिश काढायच्या द्रावणात कापूस बुडवून भिंतीच्या कोपऱ्यात घासा. रंग कापसावर उतरला तर तो पाण्याचा, नाही उतरला तर ऑइलचा. सध्याच्या भिंतीसाठी निघतो तेवढा रंग पट्टीने काढा, खालचा ऑइल पेंट 180 ते 220 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा, धूळ ओल्या फडक्याने टिपा, आणि चकचकीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर मारून मग रंग द्या.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. घर जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, हीट गनने किंवा ज्योतीने जाळूनही काढू नका. पाणी मारत ओला घासा, चांगला मास्क लावा, आणि काम संपेपर्यंत लहान मुलं व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवा. खाली पसरलेला कागद गुंडाळून टाका. झाडूने धूळ उडवू नका.

रंगाचे ओघळ आणि रोलरचे पट्टे?

ओघळ पूर्ण वाळू द्या, पातीने कापा, घासा, वरून हात मारा. ओला असताना बोटाने सारखा करायला गेलात की काम वाढतं. पट्टे येतात ते अर्धी भिंत वाळल्यावर उरलेली रंगवल्याने. एक भिंत एका दमात, कड ओली असतानाच पुढे सरकत संपवा.

भेग बुजवली तरी त्याच ठिकाणी परत येते. काळजीचं कारण आहे का?

केसासारख्या बारीक, वाटेल तशा पसरलेल्या भेगा बहुतेक वेळा गिलावा आकसल्याच्या असतात. त्या वरवर लिंपून बसत नाहीत. कडा पातीने इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कापून भेग मोकळी करा, धूळ झाडा, थोडं पाणी मारा आणि लवचीक क्रॅक फिलर भरा. वीट आणि काँक्रीटच्या खांबाच्या सांध्यावरची भेग मात्र परत येणारच, कारण दोन्ही पदार्थ उष्णतेने वेगवेगळे फुगतात. तिथे जाळी लावून गिलावा करावा लागतो.

काळजीच्या भेगा वेगळ्या दिसतात. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या निघणाऱ्या, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणाऱ्या, 5 मिलिमीटरहून रुंद, किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या. भेगेच्या टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा आणि रुंदी मोजून ठेवा. काही महिन्यांत भेग खुणेच्या पुढे सरकली तर गवंड्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. खांब किंवा तुळईत भेग पडून गंजलेली सळई दिसत असेल तर महिने मोजत बसू नका, लगेच दाखवा.

ड्रिलने भोक मोठं झालं, आता स्क्रू फिरतच राहतो.

आगपेटीच्या काड्या कोंबणं लाकडात चालतं, भिंतीत नाही. भोकातली भुकटी फुंकून काढा आणि एक माप मोठी प्लॅस्टिकची गिट्टी बसवा. भोक फारच विस्कटलं असेल तर इपॉक्सी पुट्टीने भरा, पूर्ण कडक होऊ द्या आणि पुन्हा बारीक भोक पाडा. जड वस्तू असेल तर जागा बदला. आणि गिट्टी गिलाव्यात नव्हे, विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसली पाहिजे. टीव्ही भिंतीवरून सुटतो तो बहुतेक वेळा एवढ्याच कारणाने.

ड्रिल पाइपला लागलं तर बिट ओढून काढायच्या आधी मेन कॉक बंद करा. वायरला लागलं असं वाटलं तर ड्रिलला हात न लावता मेन स्विच खाली पाडा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि सरळ डाव्या-उजव्या बाजूला, तसंच नळाच्या सरळ रेषेत भोक पाडायचंच नाही, असा नियम ठेवला तर हा प्रसंग सहसा येत नाही.

फरशी टिचकी मारल्यावर पोकळ वाजते. सगळी उखडावी लागेल?

एखाद-दुसरी पोकळ असेल, हलत नसेल, तर नका उखडू. सांध्यातला ग्राउट (फट भरायचा मसाला) काढून बारीक भोकातून इपॉक्सी सोडता येतं. फरशी हलत असेल किंवा सांधे फुटत असतील तर तेवढी काढून नीट बसवा. मधोमध फरशा तंबूसारख्या वर आल्या असतील तर दोष बहुधा कडेला सापडतो: फरशी भिंतीला घट्ट टेकवलेली, फुगायला जागाच नाही. स्कर्टिंगखाली काही मिलिमीटरची फट ठेवावीच लागते.

व्हिट्रिफाइड फरशी 0.5 टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे नुसतं सिमेंटचं पाणी तिला धरत नाही. तिथे टाइल अ‍ॅढेसिव्ह वापरा आणि ते दातेरी थापीने पूर्ण पाठीला लावा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून बसवलेली फरशी पोकळ वाजणारच.

न्हाणीघरातलं सिलिकॉन काळं पडलं आणि सुटलं. वरून नवा थर दिला तर?

सिलिकॉनवर सिलिकॉन चिकटत नाही. जुनं पातीने पूर्ण खरवडा, उरलेला तेलकट थर स्पिरिटने पुसा, जागा कोरडी करा, मग नवीन ओढा आणि 24 तास पाणी लागू देऊ नका. संगमरवराशेजारी व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, दगडावर डाग पडतात. न्यूट्रल प्रकारचं मागा. भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी सिलिकॉनच योग्य, कारण तो सांधा सतत थोडा हलत असतो.

काळी बुरशी घालवायला ब्लीच वापरत असाल तर त्यात अ‍ॅसिड, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

दार दमट हवेत अडकायला लागलं. सुताराकडून रंधा मारून घेऊ का?

थांबा. लाकूड रुंदीत फुगतं आणि कोरड्या हवेत परत आकसतं. आत्ता तासलेलं दार कोरड्या दिवसांत फटीसकट उघडं पडतं. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहा. ते ढिले झाले की दार खाली झुकतं आणि नेमकं पुढच्या कोपऱ्यात घासतं. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर लाकडी काड्या गोंदात बुडवून ठोका, वाळल्यावर जास्तीच्या कापा आणि स्क्रू परत पिळा. तरीही अडकत असेल तर हवा कोरडी झाल्यावर अगदी थोडं तासा आणि तासलेली कड लगेच पॉलिश किंवा रंगाने बंद करा. दाराची वरची आणि खालची कड बहुतेक ठिकाणी कोरीच सोडलेली असते. दमटपणा तिथूनच शिरतो.

नळ बदलला, टेफ्लॉन टेप गुंडाळला, तरी पाझरतो.

टेप उलटा गुंडाळला असेल. आटे तुमच्याकडे तोंड करून धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा. उलटा असेल तर नळ पिळताना तो उलगडून बाहेर येतो. जुना टेप पूर्ण काढून नवा लावा. प्लॅस्टिकच्या फिटिंगमध्ये पितळी नळ फार जोराने आवळू नका, फिटिंगला चीर जाते आणि मग टेपचा काही इलाज चालत नाही. तोटीतून थेंब पडत असतील तर टेपचा संबंधच नाही. वायसर किंवा कार्ट्रिज बदला.

झाडाची पानं पिवळी पडतात. पाणी वाढवू की कमी करू?

बागेतली सर्वात जास्त झाडं पाण्याच्या प्रेमानेच मरतात. बोट दोन पेरं मातीत घाला. खाली ओल लागत असेल आणि तरीही झाड मलूल असेल, तर पाणी जास्त झालं आहे. मुळांना हवा लागते. चिखलात ती गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांनी पाणी ओढता येत नाही म्हणून पानं कोमेजतात. ती पाहून आपण आणखी पाणी घालतो.

झाड कुंडीतून काढून मुळं पाहा. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात, कुजलेली तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी. कुजलेला भाग स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा, थोडी पानंही कमी करा, आणि नव्या भुसभुशीत मातीत लावा. कुंडी मुळांच्या मापाची घ्या. फार मोठ्या कुंडीत न वापरलेली माती आठवडाभर ओली राहते. उजेडाच्या सावलीत ठेवा. नवे फुटवे दिसेपर्यंत खत देऊ नका. आजारी झाडाला खत देण्याची घाई फार लोक करतात.

कोणती पानं पिवळी आहेत तेही पाहा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी असू शकतं, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. लोह झाडाला असं हलवता येत नाही.

उलट बाजूही आहे. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) माती पूर्ण सुकली की पाणी धरतच नाही. वरून ओतलेलं कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि आपल्याला वाटतं भरपूर पाणी दिलं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा.

कुंडीच्या तळाशी खडे घातले की निचरा सुधारतो ना?

नाही. बारीक मातीतून पाणी मोठ्या खड्यांच्या थरात सहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडून राहतं. खड्यांमुळे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि निचरा हवा असेल तर भरड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) संपूर्ण मातीत मिसळा.

नवीन घराच्या अंगणात काही रुजत नाही.

खणून पाहा. सिमेंटचे ढेकळे, चुना, विटांचे तुकडे निघतील. सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही झाडाला मिळत नाही, म्हणून वर सांगितलेली हिरव्या शिरांची पिवळी पानं इथे हमखास दिसतात. लोहाचं खत टाकत राहण्यापेक्षा राडारोडा काढा, बांधकामाच्या वाहनांनी दाबलेली माती फावडंभर खोल सैल करा आणि कुजलेलं खत भरपूर मिसळा.

खत जास्त झालं, पानांची टोकं करपली.

मातीवर पांढरा थर दिसत असेल तर तो खरवडा. मग कुंडीच्या मापाच्या दोन-तीन पट साधं पाणी सावकाश ओता आणि ते खालून पूर्ण वाहून जाऊ द्या; ताटलीत साचलेलं पाणी फेका. दीड-दोन महिने खत बंद. ताजं शेण घातलं असेल तर ते मुळांपासून दूर ओढा. कच्चं शेण कुजताना तापतं, अमोनिया सोडतं, आणि हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण देतं. तयार शेणखताला शेणाचा वास येत नाही, ओल्या मातीचा येतो.

झाड फार खोल लावलं गेलं. आता काय?

खोड जमिनीत जाताना थोडं पसरलेलं दिसायला हवं. खांबासारखं सरळ आत गेलेलं दिसलं तर माती चढली आहे. नुकतंच लावलेलं असेल तर उचलून परत लावा, नाहीतर पसरट भाग उघडा पडेपर्यंत माती बाजूला करा. कलमाचा सांधा मातीच्या वरच राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या कलमालाच मुळं फुटतात आणि खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या रोपाचा, फायदा जातो. पालापाचोळ्याचं आच्छादन 5 ते 8 सेंटिमीटर पुरे, तेही खोडापासून चार बोटं लांब.

छाटणी जरा जास्तच झाली.

पाणी नेहमीसारखं द्या, खत नको, आणि वर्षभर कात्री बाजूला ठेवा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त झाड कापू नये. फांदी खोडाला लागून सपाट कापू नका आणि खुंटही ठेवू नका. फांदीच्या मुळाशी जो फुगीर गळा असतो त्याच्या जरा बाहेर कापा. जखम तिथूनच भरते. कापावर रंग लावायची गरज नसते. यंदा फुलं आली नाहीत तर घाबरू नका. जुन्या फांदीवर फुलणाऱ्या झाडाच्या कळ्याच तुम्ही कापल्या असाल. अशांची छाटणी फुलं संपल्यावर लगेच करायची.

कीड मारायला फवारलं आणि पानंच जळली.

भर उन्हात फवारलं असेल, किंवा भांड्यांचा साबण जास्त घातला असेल. पानं पाण्याने धुवा. कडुनिंबाचं तेल लिटरला 5 मिलिलिटर आणि सौम्य साबणाचे काही थेंब, संध्याकाळी, आधी दोन-चार पानांवर तपासून. फुलांवर मारू नका, मधमाश्या येतात. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) थोडा असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपून काढा आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला जपतात, म्हणून नुसता ढेकूण मारून तो संपत नाही.

गच्चीवर कुंड्या ठेवल्या आणि खालच्या छतातून पाणी झिरपलं.

कुंड्या हलवा, छत वाळू द्या, वॉटरप्रूफिंग दुरुस्त करून घ्या. काम झाल्यावर गच्चीवर 24 तास पाणी साठवून तपासल्याशिवाय कुंड्या परत नेऊ नका. त्यानंतर त्या स्टँडवर ठेवा, म्हणजे खालची जागा वाळते, मुळं भेगांत शिरत नाहीत आणि पन्हळीचं तोंड दिसत राहतं. वजनाचाही हिशेब करा: एक घनमीटर ओली माती दीड ते दोन टन भरते. मोठे वाफे तुळई किंवा भिंतीच्या वर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको, आणि बांधायच्या आधी इंजिनीअरला विचारा.

तण मारायला मीठ टाकलं. जागा परत सुधारेल?

सुधारेल, पण वेळ लागेल. मीठ कुजत नाही, धुऊनच खाली न्यावं लागतं. निचरा चांगला असेल तर भरपूर पाणी अनेकदा सोडा आणि मध्ये माती निथळू द्या. पाणी साचत असेल तर वरची माती उचलून दुसरी भरणंच सोपं पडतं. पुढच्या वेळी तण फुलायच्या आधी ओल्या मातीतून मुळासकट उपटा आणि उघडी पडलेली जागा आच्छादनाने झाका.